बीएस्सी सेकंड इयर, खेड्यात राह्यते : खगोल आन ऑप्टिक्समधलं आत्ताचं संशोधन कुठून पाहावं?

मृगाची_पोट्टी

नमस्कार सगळ्याइले. मी बीएस्सी सेकंड इयरले हाय, गाव दिग्रस तालुक्यात आतमधी, कॉलेजले एसटीनं येणंजाणं करते. यंदा आम्हाले एक सेमिनार हाय आन एक फील्ड प्रोजेक्ट हाय, दोन्हीत मले तारे-ग्रह-दुर्बीण ह्याच्यातलंच काही घ्यायचं हाय कारण मले मनापासून तेच आवडते. सर म्हणतात का करंट रिसर्चमधलं काही घे, जुनं नको. आता करंट रिसर्च म्हंजे नेमकं भेटते कुठं? वर्गातले अर्धे पोट्टे ब्लॅक होलची एकच पीपीटी एकमेकाइले पाठवून राहिले, फक्त पहिल्या स्लाइडवरचं नाव बदलते. यूट्यूब पाहावं तं एकतर चौथीच्या पोराले सांगितल्यावानी राह्यते नाही तं एकदम टेन्सर आन मेट्रिक, मधलं काहीच नाई.

दुसरं असं का आम्ही प्रॅक्टिकलले न्यूटन्स रिंग करतो, ग्रेटिंग करतो, सोडियम लॅम्प तापेपर्यंत गप्पा मारतो, रीडिंग घेतो, जर्नल लिहितो, संपलं. ह्याचा आत्ताच्या संशोधनाशी काही संबंध हाय, का शंभर वर्षं जुनं तेच घोटून घेऊन राहिले आमच्याकडून?

आन दुर्बीण नाई माह्याजवळ. कॉलेजात एक हाय म्हणतात, पेटीत, किल्ली कोणाजवळ हाय ते कोणालेच माहीत नाई. पण आभाळ लय भारी हाय इकडचं. तुरीत डुकरं घुसतात म्हणून बाबासंग जागलीले जाते कधीकधी, माळ्यावरून आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसते, आन मोबाईलची रेंज बी तिथंच येते, घरात येत नाई. तं तेवढ्यावर काही होईल का? इंग्रजी वाचते, हळूहळू समजते.

पुसद_पुणे_पुसद

अगं तुझ्या दुसऱ्या प्रश्नापासूनच सुरू करतो कारण तिथंच सगळी मेख हाय. मी ऑप्टिक्समधे पीएचडी करून राहिलो, पुसदकडचाच, आन बीएस्सीले मलेही हेच वाटायचं का हे काय घोटून राहिलो आपण.

तो सोडियम लॅम्प घे. पिवळा उजेड, ५८९ नॅनोमीटर. चिलीत आन हवाईत ज्या ८-१० मीटरच्या दुर्बिणी हायेत त्या रात्री आभाळात लेझर मारतात, फोटो पाह्यला असशील, पिवळीधमक रेघ वर जाताना दिसते. त्या लेझरची वेव्हलेंग्थ तुह्या लॅम्पचीच हाय, ५८९. काऊन? तर ऐक.

तू शिकली असशील का दुर्बिणीची बारीक पाहायची ताकद १.२२ गुणिले लँबडा भागिले डी, लँबडा म्हंजे उजेडाची वेव्हलेंग्थ आन डी म्हंजे आरशाचा व्यास. १० मीटरच्या आरशाले हिरव्या उजेडात आकडा घाल, साधारण ०.०१४ आर्कसेकंद येते (एका अंशाचे ३६०० भाग केले का एक आर्कसेकंद). पण प्रत्यक्षात दिसते एक आर्कसेकंदाच्या आसपास, लय चांगल्या डोंगरावर त्याच्या अर्धं. कारण मधी हवा हाय. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर दूरचं सगळं थरथरताना दिसते, तेच वर आभाळात बारीक प्रमाणात चालू राह्यते, तारा लुकलुकते तो त्याच्यानंच. म्हंजे शेकडो कोटींचा आरसा बसवला तरी बारकावा तेवढाच जेवढा वीतभर व्यासाच्या दुर्बिणीतून दिसते, फक्त उजेड जास्त जमा होते.

यावर उपाय होरेस बॅबकॉक नावाच्या माणसानं १९५३ मधेच सुचवला होता, पण तेव्हा तशी यंत्रं नव्हती. उपाय असा का येणारी लाट किती वाकडी झाली हे मोजायचं आन एक पातळ आरसा मागून तेवढाच उलटा वाकवायचा, सेकंदाले शेकडो वेळा. ह्याले ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्स म्हणतात. अडचण अशी का मोजायले जवळपास एक ठळक तारा पाह्यजे आन तो दर वेळी नसते. मग नकली तारा बनवतात. जमिनीपासून ९० किलोमीटरच्या आसपास वर सोडियमच्या अणूंचा एक थर हाय, उल्का जळून जळून जमा झालेला. खालून ५८९ चा लेझर मारला का ते अणू चमकतात, झाला तारा तयार. तुह्या लॅबमधल्या लॅम्पमधे जे सोडियम करते तेच.

आन ह्याच्यातून निघालं काय तर २०२० चं नोबेल. आंद्रेया गेझ आन राइनहार्ड गेन्झेल ह्या दोघांच्या गटांनी आपल्या आकाशगंगेच्या मधोमध असलेल्या ताऱ्याइचा वर्षानुवर्षं पाठलाग केला, एस२ नावाचा तारा १६ वर्षांत चक्कर मारते, त्या कक्षेवरून काढलं का मधी सूर्याच्या ४० लाख पट वस्तुमान बसलेलं हाय. ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्स नसतं तं तिथं नुसता धुरकट डाग दिसला असता, एक एक तारा वेगळा करता आला नसता. पुढं ग्रॅव्हिटी नावाच्या यंत्रानं चिलीतल्या ८.२ मीटरच्या चार दुर्बिणींचा उजेड एकत्र आणून इंटरफेरन्स केला आन २०१८ मधे एस२ एकदम जवळून गेला तेव्हा त्याच्या उजेडावर गुरुत्वाचा परिणाम मोजला. तुह्या वर्गातल्या पोट्ट्याइची ब्लॅक होलची पीपीटी असंल तं असू दे, तू त्याच ब्लॅक होलवर ऑप्टिक्सच्या बाजूनं बोल, सर खूश होतील.

आता मायकेलसन. प्रॅक्टिकलले असंल नसंल, थिअरीले तं हायच. लायगो म्हंजे गुरुत्वीय लहरी पकडायले अमेरिकेत बांधलेलं ४ किलोमीटर हाताचं मायकेलसन इंटरफेरोमीटर, उजेडाचे दोन भाग करून परत एकत्र आणून लांबीतला बारीक फरक मोजायचं यंत्र, १०६४ नॅनोमीटरचा लेझर, टोकाले ४०-४० किलोचे काचेचे आरसे लोंबकळत ठेवलेले. १४ सप्टेंबर २०१५ ले पहिल्यांदा गुरुत्वीय लहर सापडली तेव्हा हाताची लांबी बदलली ती प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. आन त्याचं भारतातलं भावंडं कुठं होऊन राहिलं माहीत हाय का? हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथकडं. वाशीमच्या शेजारचा जिल्हा बाप्पा! २०२३ मधे केंद्रानं २६०० कोटी मंजूर केले. आपल्याकडले पोट्टे लायगो म्हटलं का अमेरिका म्हणतात.

यात आत्ताचं ताजं ऑप्टिक्स पाह्यजे असंल तं स्क्वीझ्ड लाइट वाच. लेझरच्या उजेडात फोटॉन एकसारखे येत नाईत, मागंपुढं होतात, त्याचा गोंगाट राह्यते. क्वांटम नियमानं हा गोंगाट पूर्ण जात नाई पण एका बाजूनं दाबला तं दुसऱ्या बाजूनं फुगते. फेजमधला दाबला का उंच फ्रिक्वेन्सीले फायदा, पण ॲम्प्लिट्यूडमधला वाढते आन तो आरशाले धक्के देऊन खालच्या फ्रिक्वेन्सीले त्रास देते. २०१९ पासून लायगोवाले एकाच बाजूनं दाबत होते, २०२३ ले निरीक्षणाची नवी फेरी सुरू झाली तेव्हापासून ३०० मीटरची एक वेगळी पोकळी जोडून असं केलं का वरच्या फ्रिक्वेन्सीले एक बाजू दबते आन खालच्याले दुसरी. ह्याच्यावर सेमिनार घेतला तं कोणाच्या बापाले कॉपी करता येणार नाई.

प्रोजेक्टचं दुसरे सांगतील. फक्त एक, ते वेबसाइटवर आकाशगंगा ओळखायचे खेळ राह्यतात त्याच्यात अडकू नको, टाइमपास हाय. गणित आन पायथॉन शिक.

वऱ्हाडी_प्रिझम

टाइमपास कसा काय भाऊ? गॅलेक्सी झू २००७ ले सुरू झालं आन त्याच वर्षी हॅनी व्हॅन आर्केल नावाच्या एका डच शाळामास्तरणीले त्यात एक विचित्र निळसर ढग दिसला, तिनं विचारलं हे काय हाय, आन त्याच्यावर मग मोठमोठ्या दुर्बिणी फिरवल्या गेल्या, हबल दुर्बिणीनं फोटो घेतला. शेजारच्या आकाशगंगेच्या मधला भाग आधी जोरात पेटलेला होता आन आता मंदावला, तरी त्याचा जुना उजेड त्या ढगाले अजून चमकवून राहिला, असं निघालं. आपल्याकडं बी रॅड ॲट होम म्हणून हाय, त्यात खोडदच्या जीएमआरटी ह्या रेडिओ दुर्बिणीचा डेटा पोट्टे पाहतात, ४५ मीटरच्या ३० डिश हायेत तिथं, नारायणगावजवळ. मोबाईलवरून पाहता येते. गणित शिकावंच पण डोळ्यानं डेटा पाहायची सवय बी लागली पाह्यजे का नाई?

पुसद_पुणे_पुसद

बरं बाप्पा, रॅड ॲट होम मान्य. तिथं शिकवतात तरी, नुसतं क्लिक करायले लावत नाईत.

स्टाफरूम_खिडकीजवळ

मी पदवीच्या वर्गांना फिजिक्स शिकवते, अमरावती विभागातच. मुलीनं पहिला प्रश्न फार नेमका विचारला आहे आणि त्याचं उत्तर अजून कुणी दिलं नाही, म्हणून लिहिते.

संशोधन फुकट वाचायचं ठिकाण म्हणजे आर्काइव्ह. १९९१ पासून चालू आहे, जगभरातले खगोलवाले आपले पेपर छापून येण्याच्या आधी किंवा सोबत तिथं टाकतात. खगोलाचा विभाग ॲस्ट्रो-पीएच, आणि फिजिक्सच्या विभागात ऑप्टिक्स वेगळा आहे. शोधायला नासाची एडीएस ही साइट, तीही फुकट. तुमचं कॉलेज सरकारी असेल तर ग्रंथपालांना वन नेशन वन सबस्क्रिप्शनबद्दल विचार, जानेवारी २०२५ पासून सुरू झालं आहे, त्यात मोठमोठी जर्नल्स उघडतात.

वाचायचं कसं ते मुलांना कुणी सांगत नाही आणि मुलं पहिल्या ओळीपासून सुरू करतात आणि दुसऱ्या पानावर सोडून देतात. आधी ॲबस्ट्रॅक्ट, मग आकृत्या आणि त्यांच्याखालचा मजकूर, मग शेवटचं कन्क्लुजन. समीकरणं पहिल्या वाचनात सोडून दे. मग स्वतःला विचार, यांनी मोजलं काय आणि मोजलं कशानं? ते दोन वाक्यांत मराठीत लिहिता आलं की पेपर निम्मा वाचून झाला. आणि एकदम संशोधन पेपर घेण्यापेक्षा रिव्ह्यू आर्टिकल घे, त्यात लेखक आधीच्या पंधरावीस वर्षांचं सगळं ओळीनं सांगतो.

एक उदाहरण सांगते कारण ते मी यंदा वर्गात वापरलं. एप्रिल २०२५ मध्ये सगळीकडे बातमी आली की के२-१८बी नावाच्या ग्रहावर जिवाचे संकेत सापडले. ग्रह १२४ प्रकाशवर्षं लांब. केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटानं जेम्स वेब दुर्बिणीनं त्याचा वर्णपट घेतला, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा थोडा उजेड ग्रहाच्या हवेतून गाळून येतो, त्यात कुठल्या वेव्हलेंग्थ कमी झाल्या ते पाहिलं. त्यांना डायमिथाइल सल्फाइडसारखं काही दिसलं, जे पृथ्वीवर समुद्रातले सूक्ष्मजीव तयार करतात. टीव्हीवाल्यांनी एलियन करून टाकलं. पण पेपरमध्येच लिहिलं होतं की खात्री तीन सिग्मा आहे, म्हणजे निव्वळ योगायोगानं असं दिसण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास, आणि शोध म्हणायला पाच सिग्मा लागतो. तो डेटा इतरांनाही मिळाला, दुसऱ्या गटांनी तोच वेगळ्या पद्धतीनं तपासला आणि सांगितलं की हा संकेत एवढा भक्कम नाही. वाद चालू आहे. सेमिनारला हाच वाद घेतलास तर बातमी, मूळ पेपर आणि त्याच्यावरचे आक्षेप असे तिन्ही शेजारी ठेवता येतील. मुळात हे तुझं ग्रेटिंगचंच प्रॅक्टिकल आहे, फक्त सोर्स १२४ प्रकाशवर्षांवर.

घराजवळचं हवं असेल तर लोणार. बेसॉल्टमध्ये आघातानं झालेलं विवर, १.८ किलोमीटरच्या आसपास व्यास, आणि पृथ्वीवर बेसॉल्टमधली अशी विवरं फार थोडी, म्हणून मंगळ-चंद्र अभ्यासणारे तिथं येतात. त्याचं वय बरीच वर्षं ५२ हजार सांगत होते, ते आघातात वितळून झालेल्या काचेच्या थर्मोल्युमिनेसन्सवरून, म्हणजे काच तापवून ती किती उजेड सोडते ते मोजून. नंतर आर्गॉनच्या पद्धतीनं ५ लाख ७० हजारांच्या आसपास आलं. दहापट! दोन पद्धती, एकच काच, आणि दोन्ही का वेगळं सांगतात हा प्रश्न पदवीच्या मुलीला पुरून उरेल असा आहे. तुमच्याकडून एका दिवसात जाऊन येता येतं.

सिंदेवाहीचा_बाळ्या

मॅडम एलियनवरून आठवलं, ते थ्री आय ॲटलस का काय त्याचं व्हॉट्सॲपवर लय आलं होतं, का यान हाय म्हणे, नासा लपवून राहिली म्हणे. आमच्या ग्रुपवर तं एकानं पृथ्वीवर आदळायची तारीख बी टाकली होती, ती गेली निघून. खरं काय हाय ते?

आन खरं सांगू, आमच्याकडं आभाळातून खरंच पडलं हाय. २ एप्रिल २०२२, संध्याकाळी पावणेआठच्या आसपास, आभाळात जळत जाणारे गोळे अख्ख्या विदर्भानं पाह्यले, आन आमच्या तालुक्यात लाडबोरीले धातूची मोठ्ठी रिंग पडली. लोकं पाहायले तुटून पडले. इस्रोची माणसं येऊन पाहून गेली. चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा तुकडा असावा असं अभ्यासक म्हणत होते.

वऱ्हाडी_प्रिझम

थ्री आय ॲटलस धूमकेतू हाय बाळ्या भाऊ. १ जुलै २०२५ ले चिलीतल्या ॲटलस दुर्बिणीनं पकडला. थ्री म्हंजे तिसरा, आय म्हंजे इंटरस्टेलर, आपल्या सूर्यमालेच्या बाहेरून आलेला. पहिला ओमुआमुआ २०१७ ले, दुसरा बोरिसोव्ह २०१९ ले. वेग इतका का सूर्य त्याले बांधून ठेवूच शकत नाई, आला तसा निघून जाते. आन सूर्य पृथ्वीपासून जेवढा दूर हाय त्याच्यापेक्षा जास्तच दूरून तो गेला, आदळायचा प्रश्नच नव्हता. त्याच्या उजेडाचा वर्णपट घेऊन त्यात कोणते वायू हायेत ते काढलं, दुसऱ्या ताऱ्याजवळचा माल कसा राह्यते ते घरबसल्या कळते, ही खरी मजा हाय त्याच्यात. एलियनवाल्याइले ती दिसतच नाई.

आता ताई तुह्या फील्ड प्रोजेक्टचं. मी रामटेककडं राह्यतो, पेंचजवळ. पेंचच्या महाराष्ट्रातल्या व्याघ्र प्रकल्पाले जानेवारी २०२४ मधे डार्क स्काय पार्क, म्हंजे रात्रीचं अंधारं आभाळ जपणारी जागा म्हणून मान्यता भेटली, भारतातला पहिला. त्यासाठी बफरमधल्या गावाइतले रस्त्यावरचे दिवे बदलून खाली तोंड करून बसवले. तवा मले पहिल्यांदा डोक्यात आलं का दिवा हाच अभ्यासाचा विषय हाय.

तर तू असं कर. जुनी सीडी घे, चकचकीत थर सेलोटेप लावून ओढला का निघून येते, खाली पारदर्शक प्लास्टिक राह्यते. सीडीवर ट्रॅकमधलं अंतर १.६ मायक्रॉन, म्हंजे मिलिमीटरले ६२५ रेषा, तुमच्या लॅबच्या ग्रेटिंगच्या जवळपासच. पुठ्ठ्याच्या डब्याले एका टोकाले दोन ब्लेडची बारीक फट कर, दुसऱ्या टोकाले सीडीचा तुकडा लाव आन मागं मोबाईलचा कॅमेरा. झाला स्पेक्ट्रोस्कोप. आतून काळा कागद लावजो नाही तं उजेड इकडून तिकडून घुसते. आन सूर्याकडं थेट रोखू नको.

सीएफएल दिवा पाह्यला का पाऱ्याच्या रेषा दिसतात, हिरवी ५४६ ची, निळी-जांभळी ४३६ ची. ह्या दोन रेषांनी फोटोतल्या पिक्सेलले वेव्हलेंग्थ लावून घे, म्हंजे कॅलिब्रेशन झालं. मग गावातले सगळ्या तऱ्हेचे दिवे पाहा. ग्रामपंचायतीनं लावलेले पांढरे एलईडी, एखाद्या फाट्यावर जुना पिवळा सोडियम उरला असंल तं तो, मंदिराची लायटिंग, पेट्रोलपंप. पांढऱ्या एलईडीत ४५० च्या आसपास निळा उंचवटा दिसंल. आता हवेत उजेड विखुरते तो वेव्हलेंग्थच्या चौथ्या घाताच्या उलट प्रमाणात, म्हणून ४५० चा निळा ६५० च्या लालपेक्षा चारपटीहून जास्त विखुरते. म्हंजे त्याच वॅटचा कोणता दिवा आभाळ जास्त खराब करते हे तुह्या गावात तू दाखवू शकते. मग जागलीवर जाऊन तारे मोज, ग्लोब ॲट नाइट म्हणून २००६ पासूनचा उपक्रम हाय, एखाद्या नक्षत्रात किती बारीक तारे दिसतात ते नकाशाशी जुळवून नोंदवायचं, बस. गावाच्या चौकात एक, शेतात एक, दिग्रसच्या स्टँडवर एक. दुर्बिणीची किल्ली सापडायची वाट पाहू नको.

स्टाफरूम_खिडकीजवळ

हे फार चांगलं आहे, मी माझ्याही विद्यार्थ्यांना देणार आहे. यात एक भर. त्याच कॅलिब्रेशनची गोष्ट खऱ्या डेटावर पाहायची असेल तर स्लोन स्काय सर्व्हेची साइट उघड, त्यात लाखो आकाशगंगांचे वर्णपट आहेत, मोबाईलवरही उघडतात. हायड्रोजनची एच-अल्फा रेषा लॅबमध्ये ६५६.३ नॅनोमीटरला येते. एखाद्या आकाशगंगेत ती ७२२ ला दिसली तर रेडशिफ्ट, म्हणजे रेषेचं लालकडे सरकणं, ०.१, म्हणजे साधारण ३० हजार किलोमीटर प्रति सेकंद वेगानं दूर जाते आहे, आणि हबलच्या नियमानं (जितकी दूर तितका वेग जास्त) अंतर १४० कोटी प्रकाशवर्षांच्या घरात. पाचसहा आकाशगंगा घेऊन स्वतः आलेख काढ. हे फील्ड प्रोजेक्टमध्ये बसणार नाही, पण सेमिनारच्या शेवटच्या स्लाइडवर स्वतः काढलेला आलेख असला की परीक्षक प्रश्न विचारायच्या आधी दोनदा विचार करतात.

नोकरी_लागते_का

सगळं ठीक हाय, हे सगळं करून नोकरी लागते का? माह्या लहान भावाले बी लय वेड हाय याचं, घरचे म्हणतात डीएड-बीएड कर नाही तं स्पर्धा परीक्षा दे.

पुसद_पुणे_पुसद

भाऊ, खगोलात कायम नोकऱ्या थोड्या हायेत आन स्पर्धा लय हाय, हे खोटं सांगून उपयोग नाई. एमएस्सीले जॅमची परीक्षा, पीएचडीले जेस्ट किंवा नेटची, मग पोस्टडॉक, तिशी उलटून जाते. पण ऑप्टिक्सचं तसं नाई. लेझरले इंदूरचं आरआरकॅट हाय, उपग्रहावरच्या सेन्सरले इस्रोचं बंगळुरूचं लिओस हाय, डेहराडूनले डीआरडीओचं आयआरडीई हाय, चंदीगडले सीएसआयओ हाय. आन लायगो-इंडियाले लेझर, व्हॅक्यूम, कंट्रोल सिस्टिम सगळ्याची माणसं लागतील. खगोलाच्या वेडानं ऑप्टिक्सचं हाताचं काम शिकला तं उपाशी नाई मरत माणूस. बीएड करायचं तं करू दे, कोणी नाही म्हटलं? शाळेत चांगला फिजिक्सवाला मास्तर भेटणं बी आपल्याकडं अवघडच होऊन बसलं.

सुट्टीतले कार्यक्रम बी असतात, पुण्यात आयुकात, मुंबईले होमी भाभा सेंटरचं निअस, सायन्स अकॅडमींची समर फेलोशिप, जायचा-राह्यचा खर्च बऱ्याच ठिकाणी भेटते. जाहिराती हिवाळ्यातच येऊन जातात आन आपल्याकडच्या कॉलेजच्या बोर्डावर त्या कधीच लागत नाईत, स्वतःच साइट पाहत राहा. ताई, हे तुहेसाठीबी.

मृगाची_पोट्टी

एवढं सगळं! मी तं समजली होती दोनचार लिंका भेटतील. सगळ्याइचं वाचून काढलं, काही दोनदा वाचलं, स्क्वीझ्ड लाइटवालं तीनदा वाचूनबी अर्धंच समजलं, पण सेमिनारले लायगो नाई घेत, ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्सच घेते, कारण ते सोडियमवालं मले समोर करून दाखवता येईन. लॅम्प तिथंच ठेवते टेबलावर आन त्याच्यावरूनच सुरू करते. प्रोजेक्टले दिवे. ग्रामसेवकाले विचारलं का कोणत्या वॅटचे एलईडी बसवले तं थे म्हणाले तुले कायले पाह्यजे, तक्रार करायची हाय का. मग समजावून सांगितलं.

सीडी सापडली, काकाच्या लग्नाची होती, काकूले विचारूनच घेतली. थर निघाला बरोबर.

एकच अडलं. सोडियमच्या दोन रेषा असतात ना, ५८९.० आन ५८९.६, पुस्तकात लिहिलं हाय. सेमिनारले ते बी दाखवावं म्हटलं तं लॅबच्या स्पेक्ट्रोमीटरवर मले एकच जाड पिवळी रेषा दिसून राहिली. ग्रेटिंग १५००० लाइन्स पर इंचवालं हाय. ग्रेटिंग खराब हाय का?

स्टाफरूम_खिडकीजवळ

ग्रेटिंगचा दोष नाही. हिशोब करून पाहा, ५८९.३ भागिले ०.६ म्हणजे हजाराच्या आत रिझॉल्व्हिंग पॉवर (जवळच्या दोन रेषा वेगळ्या दाखवायची ताकद) पुरते, आणि तुझ्या ग्रेटिंगच्या दोन मिलिमीटर रुंदीतच हजारावर रेषा आहेत. अडतंय ते फटीमुळे. पहिल्या ऑर्डरला त्या दोन रेषांमध्ये कोन जेमतेम सव्वा मिनिटाचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), आणि आपल्याकडे मुलं उजेड भरपूर यावा म्हणून स्लिट उघडी ठेवतात, मग दोन्हींच्या जाड प्रतिमा एकमेकींवर चढतात. स्लिट जवळजवळ बंद होईपर्यंत अरुंद कर, स्क्रू हळू फिरव, रेषा अंधूक होईल ती होऊ दे. खोलीतले दिवे घालव. कॉलिमेटर आधी शुस्टरच्या पद्धतीनं नीट फोकस केलेला हवा, नुसत्या अंदाजानं नको. आणि पहिल्या ऑर्डरवर थांबू नको, दुर्बीण चव्वेचाळीस अंशांच्या आसपास ने, दुसऱ्या ऑर्डरला तोच कोन साडेतीन मिनिटांच्या आसपास होतो, तिथं दोन दिसतील. लॅम्प पूर्ण पिवळा झाल्यावरच पाहा, आधी लालसर असतो तेव्हा निऑनच्या रेषा मध्येमध्ये येतात.